निळ्या कोटातली मावशी

वॉर्डात तिला नाव नव्हतंच. मावशी. सव्वीस वर्षं नुसती मावशी. "मावशी, भांडं आणा." "मावशी, इथं पुसा." "ओ मावशी, कान फुटले का?" हाक कुणाचीही असो, निळा कोट अंगावर असला की तिचे पाय आधी निघायचे, डोकं मागून जायचं.

दवाखान्यानं दिलेला तो कोट मुळात इतका घोळदार, की त्यात दोन मावश्या मावल्या असत्या. नवरा शिंपी. त्यानं बाजू उसवून आत घेतल्या, चष्म्यासाठी आतून खिसा लावला आणि म्हणाला, "आता जरा माणसात आलीस."

तोच नवरा आता तिच्याच वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर होता. फुप्फुसं गेलेली. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. असले श्वास तिनं पुष्कळ ऐकले होते. त्यानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "जाताना हात धरून बस. बाकी काही नको. तूच सांगायचीस ना, माणसं इथं भिंतीकडं तोंड करून जातात म्हणून?"

"बसेन की. मी कुठं पळून जातेय?"

भेटीची वेळ चार ते सहा. एकदा लेकीनं हट्टच धरला, म्हणून ड्यूटी संपल्यावर ती जांभळे, ठेवणीतले कपडे घालून आली. मोठ्या डॉक्टरांनी चक्क खुर्ची पुढं केली. "बसा ना बाई," म्हणाले, एक्स-रे उजेडाला धरून सगळं समजावलं. त्यांचे डोळे घारे आहेत, हे तिला तेव्हा कळलं. पण सहाच्या ठोक्याला रखवालदार आला. "चला बाई, वेळ संपली." मग चेहरा बघून ओशाळला. "अरेच्चा, मावशी तुम्ही! पण काय करू, साध्या कपड्यातलं माणूस आत ठेवता येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून ड्यूटी संपली तरी तिनं कोट उतरवला नाही. कोटातल्या बाईला कुणी हटकत नव्हतं.

"आई, लोक कामाला जुंपतात गं तुला," लेक चिडायची.

"जुंपू देत. आत तर राहता येतं."

त्या दुपारी तीन वाजता त्याची नखं काळीनिळी पडलेली तिनं पाहिली. लेकीला निरोप धाडला, स्टूल ओढलं, हात हातात घेतला. त्यानं डोळे किलकिले केले.

"मावशी, पाणी."

"अजून चेष्टाच सुचतेय तुम्हाला!" तिनं ओल्या कापसानं त्याचे ओठ टिपले. तो हसला असावा.

तेवढ्यात नऊ नंबरवरचा म्हातारा ओरडला, "मावशी! भांडं! लवकर!"

हात तिनं सोडवला की आपोआप सुटला, ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. भांडं दिलं, म्हाताऱ्याला कुशीवर धरलं, चादर भिजली होती ती बदलली, भांडं धुऊन जागेवर ठेवलं. "तुमचं काम फार नेटकं हो," म्हातारा म्हणाला.

ती परतली, तर नवऱ्याचं तोंड भिंतीकडं होतं. छाती हलत नव्हती.

वॉर्डात नव्यानंच आलेला तरुण डॉक्टर धावत आला. नळी लावून ऐकलं, घड्याळ पाहिलं, आणि कागदावर लिहिता लिहिता मान वर न करता म्हणाला, "मावशी, पडदा ओढा. आणि यांच्या नातेवाइकांना बोलवा."

पडदा तिनं ओढला. मग तिथंच उभी राहून कोटाची बटणं काढू लागली. शेवटचं सुटता सुटेना. कोट उतरवला, नीट घडी घालून खाटेच्या पायथ्याशी ठेवला, आणि स्टुलावर बसली.

डॉक्टरनं आता कुठं वर पाहिलं. "बाई, भेटीची वेळ अजून व्हायचीय. तुम्ही कोण यांच्या?"

"बायको," ती म्हणाली. नवऱ्याचं तोंड हळूच आपल्याकडं वळवलं, हात हातात घेतला. अजून कोमट होता.

पडद्यापलीकडून नऊ नंबरची हाक आली, "मावशी!"

तिचे पाय हलले. पण ती उठली नाही.