एस्तरबाई आणि माझं ‘यस’

आईवडिलांनंतर माझ्यावर सर्वांत मोठे उपकार एस्तरबाई नागावकरांचे. मराठी बोलणाऱ्या ज्यू घरात मुंबईला वाढलेल्या बाई लंडनमध्ये वकिली करत. क्रॉयडनच्या त्यांच्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेलो आणि हात बांधून उभा राहिलो. “गुड मॉर्निंग, मॅडम.”

“मॅडम कोर्टात. इथे बाई म्हण. आणि बस. उभं राहायची शिक्षा कोर्टाने दिलेली नाही ना?”

शिक्षा दुसरीच होती. मी ब्रॅकनेलला नोकरी करत होतो आणि एका सहकाऱ्यासोबत घर शेअर करत होतो. हीटिंग किती वेळ चालू ठेवायचं यावरून एकदा आमचं वाजलं. त्याच संध्याकाळी तो जिन्यावरून पडला, त्याचा हात मोडला. मी ढकललं, असं त्याने पोलिसांना सांगितलं आणि ज्युरीने मला दोषी ठरवलं. शिक्षा स्थगित असल्याने तुरुंग टळला. पण नोकरी गेली होती, व्हिसाही जाणार होता. घराण्यातला पहिला पदवीधर मी, मेहकरला वडिलांना फोनवर सांगत होतो, “प्रोजेक्ट बदललाय.”

माझा सगळा राग ज्युरीवर होता. “बाई, बाराही गोरे होते.”

“असतील. इथे ज्युरी चिठ्ठ्या उचलल्यासारखी निवडतात. त्यावर अपील टिकत नाही, उगाच वाफ दवडू नकोस.”

“त्यातली एक आमच्याच कंपनीत, दुसऱ्या बिल्डिंगमध्ये कामाला होती. निकालानंतर कळलं.”

बाईंनी पेन उचललं. “हे आधी बोलायचं, शहाण्या! मुद्दा घेऊ. पण त्याच्या भरवशावर झोपू नकोस.”

भरवशाचा मुद्दा त्यांना टेपमध्ये सापडला. पोलिसांनी केलेल्या चौकशीचा टाइप केलेला मजकूर कोर्टात वाचला गेला होता: ‘तू त्याला ढकललंस?’ ‘यस.’ मूळ रेकॉर्डिंग माझ्या आधीच्या वकिलानेही ऐकलं नव्हतं. बाईंनी मला समोर बसवून ते लावलं. अधिकारी श्वास घ्यायला थांबला की माझं ‘यस’. खोली जरा गार आहे. यस. तो वरच्या पायरीवर होता. यस. तू त्याला ढकललंस. यस, आणि लगेच, ‘नो सर, मी किचनमध्ये होतो.’ हे शेवटचं वाक्य अधिकाऱ्याच्या बोलण्यात बुडालेलं. टाइप करणाऱ्याने तिथे ‘अस्पष्ट’ लिहिलं होतं.

बाई हसायला लागल्या. “अरे, तू पोलिसाला हुंकार देत होतास! गोष्ट सांगत होता का तो?”

“शाळेत मध्ये मध्ये ‘हो सर’ नाही म्हटलं, तर सर विचारायचे, झोपलास का रे?”

“बरं. म्हणजे काल तू लवकर उठलास.”

“हो बाई.”

“बसने गेलास.”

“हो.”

“बँक लुटलीस.”

“हो... नाही, बाई!”

“बघ! आता हेच तीन न्यायाधीशांना इंग्रजीत पटवायचंय. भाषेचा जाणकार साक्षीला लागेल.” तो त्यांनीच शोधला.

खोटा धीर त्या कधी देत नसत. “जिंकू ना, बाई?” विचारलं की म्हणत, “मी ज्योतिषी नाही. जेवलास का?” शुक्रवारी सूर्य मावळला की ज्यूंचा विसाव्याचा शनिवार सुरू, आणि त्यांचा फोन बंद. “आम्हा ज्यूंना कोकणात शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद, तसा फोनही बंद.”

बाईंना जाऊन आता वर्ष होईल. त्याच्या कितीतरी आधी अपिलाचा निकाल आला, तो हिवाळ्यातला शुक्रवार होता, आणि बाईंनी कोर्टात उभ्या केलेल्या बॅरिस्टरने मला कळवलं तेव्हा बाहेर अंधारलं होतं. मला थांबवेना. पत्र लिहिलं आणि स्टॅनमोरला त्यांच्या घरी जाऊन दारातून आत सरकवलं.

‘आदरणीय बाई,

सा. न.

अपील मंजूर झालं. आधीचा निकाल विसंबण्याजोगा नाही म्हणून रद्द केला. पुन्हा खटला चालवणार नाहीत. ज्युरीचा मुद्दा मात्र फेटाळला. ती महिला माझ्या त्या सहकाऱ्याला ओळखतही नव्हती म्हणे.

आत्ताच मेहकरला फोन केला. वडिलांना झोपेतून उठवून सगळं पहिल्यापासून सांगितलं.  मग ते म्हणाले, “वकीलबाईंना जेवायला बोलाव.”

मला पिठलं-भात तेवढा येतो. तुमच्या धर्माच्या नियमाने आमच्या भांड्यांतलं तुम्हाला चालत नाही, म्हणून नवी भांडी आणतो. रविवारी याल का?

तुमचा,
दत्ता’