वेबरांच्या टेबलावरचा विमानतळ

परदेशात दोन मराठी माणसं एका छपराखाली राहिली की किस्से जमायला वेळ लागत नाही. आमचे मात्र जमले ते आम्ही जन्मात न पाहिलेल्या एका विमानतळाबद्दल! पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी आणि जोश्या, दोघेही पुण्याचे, कोलोनला इंजिनिअरिंग शिकत होतो आणि हेर वेबरांच्या (हेर म्हणजे जर्मनमधलं 'श्रीयुत', गुप्तहेर नव्हे!) वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. हेर वेबर युद्धात विमानविरोधी तोफेवर होते. पुढे इंग्रजांच्या हाती लागले आणि कैदी म्हणून इंग्लंडमधल्या एका खेड्यात पोचले. तिथे बॉम्बफेकी विमानांचा तळ होता. कोलोनवर येणारी विमानं तिथूनच उडायची. घ्या आता!

*

दर रविवारी कॉफीला हेर वेबर तो विमानतळ टेबलावर मांडायचे. केकची सुरी म्हणजे धावपट्टी, मिठाची बाटली म्हणजे कंट्रोल टॉवर, साखरेच्या चौकोनी वड्या म्हणजे विमानं. एकदा बोलण्याच्या नादात जोश्याने दोन विमानं उचलून कॉफीत टाकली.

हेर वेबर बघतच राहिले. म्हणाले, "आल्झो, म्हणजे आमच्या अख्ख्या तोफखान्याला जे जमलं नाही, ते तुम्ही चमच्याने केलंत!"

*

तळाची जमीन मूळची शेतकऱ्यांची. "युद्ध संपलं की होती तशी परत देऊ," म्हणून सरकारने घेतली. दिलीही परत, पण वर काँक्रीट ठेवून! सरकार कुठलंही असो, शब्द पाळण्याची पद्धत एकच.

मग ते काँक्रीट फोडायला जर्मन कैद्यांना जुंपलं. जर्मनच ते, फोडलेले तुकडेही आकाराप्रमाणे रचून ठेवायचे. देखरेखीला पार्कर नावाचा इंग्रज होता. युद्धात तो त्याच तळावर विमानांत बॉम्ब चढवायचा. ती रास बघून तो म्हणाला, "हुकूम इतका नीट पाळणारी माणसं मी पाहिली नाहीत. मग तुमचं चुकलं कुठे?"

हेर वेबर म्हणाले, "तिथेच!"

दोघांची दोस्ती झाली ती तेव्हापासून.

*

फ्राऊ वेबरांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मात्र त्या तळाचं नावसुद्धा खपत नसे. त्यांचं जुनं घर बॉम्बफेकीत गेलं होतं, आणि घरासोबत त्यांची आईही. पार्करला एकदा घरी बोलवायचं म्हणून हेर वेबरांचा जीव तुटायचा. बाईंचं उत्तर ठरलेलं: "तो माणूस माझ्या टेबलाशी बसणार नाही."

एकदा पार्करने पत्राने कळवलं, की उरलेल्या धावपट्टीवर आता कोंबड्यांच्या शेड्स झाल्यात. हेर वेबर खूश! "ऐकलंस? आता तिथून फक्त अंडी निघतात!"

फ्राऊ वेबर भांडी विसळत म्हणाल्या, "कोंबड्यांना पंख असतात. लक्ष ठेवा म्हणावं."

*

बाईंचा शब्द म्हणजे शब्द. त्यांची हाउसओर्डनुंग, म्हणजे घराची नियमावली, जिन्यात टांगलेली होती. रात्री दहानंतर आंघोळ नाही, जिन्यात बूट नाहीत, कसलाही आवाज नाही. एकदा सव्वादहाला जोश्याने फोडणी टाकली. बाई दारात हजर!

"हा आवाज कसला?"

"मोहरी तडतडतेय, फ्राऊ वेबर."

"तिला सांगा, दहा वाजून गेलेत."

पुण्यात कुणाच्या बापाला न जुमानणारा जोश्या, कोलोनमध्ये मोहरीसकट गप्प!

*

शेवटी एका उन्हाळ्यात हेर वेबर कधी नव्हे ते अडून बसले आणि पार्कर आला. फक्त कॉफीपुरता, ही बाईंची अट. मी आणि जोश्या दुभाषे.

थोराड माणूस, टोपी मांडीवर घेऊन अवघडून बसलेला. बाईंनी सगळ्यांना केक वाढला. पार्करची बशी रिकामी! हेर वेबर टेबलक्लॉथकडे बघत बसले.

मग पार्करच बोलला. "मॅडम, बॉम्ब मी चढवायचो. या हातांनी. दुपारी चढवायचे, संध्याकाळी विमानं निघायची. इथे पोचेपर्यंत..." जोश्याने होतं तेवढं जर्मनमध्ये सांगितलं.

"किती वाजायचे?" बाईंनी विचारलं.

"अकरा. कधी बारा."

बाईंनी सुरी उचलली, केकचा तुकडा कापून त्याच्या बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "या घरात दहानंतर आवाज चालत नाही, हेर पार्कर."

जोश्याने भाषांतर केलं. पार्कर खुर्चीतून उठून ताठ उभा राहिला.

"येस, मॅडम."