ह्यांच्या नावाचं बाक

इकडे परदेशात, ग्वेल्फ गावाजवळच्या तळ्याकाठी, रानातल्या पायवाटेवर, ह्यांच्या नावाचं एक बाक आहे. ह्यांना हे तळं अतिशय प्रिय होतं, असं त्यावरच्या पितळी पाटीवर इंग्रजीत लिहिलंय. मजकूर मुलाचा.

आमचे हे त्या तळ्यावर उभ्या आयुष्यात एकदाच आले होते, भर जुलैत कानटोपी घालून. चालायला लागलो, तर मागे उभी केलेली गाडी नजरेआड व्हायच्या आत चहा मागितला. चिवड्याची पिशवी उघडली तशी एक दांडगी गूज, म्हणजे तिथला रानहंस, मागे लागली, आणि हे पिशवी टाकून जे पळाले ते थेट गाडीत जाऊन बसले. घरी पोचेपर्यंत तळ्याच्या नावानं बोटं मोडत होते. पण माणूस गेला की त्याच्या आवडीनिवडीसुद्धा वारसांच्या ताब्यात जातात. शेजारच्या गोऱ्या माणसाच्या वडिलांचं बाक आहे, मग आपल्या वडिलांचं का नको?

तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमची तिथं वारसदारांची मिरवणूक निघते. मुलगा वाटेवरच्या जुन्या चुनाभट्टीची पाटी मोठ्यानं वाचून इतिहास उरकतो, मग सगळ्यांना गप्प करून बगळा दाखवतो. सून फोटो काढते. मी शहाण्या विधवेसारखी हसते.

यंदा आठ वर्षांच्या नातीनं बाकावरची पाटी वाचली. तिनं आजोबांना पाहिलेलंच नाही.

"आजी, डिड ही रिअली लव्ह धिस लेक?"

सून पाण्याकडे बघायला लागली. मुलगा मला डोळ्यांनी खुणावत होता, हो म्हण. मला संतापच आला. ज्या माणसाशी मी जन्मभर भांडले, त्याला हटवून मुला-सुनेनं तिथं कुणी निसर्गप्रेमी सद्गृहस्थ बसवला होता, आणि पोर त्यालाच आजोबा समजणार होती.

"नाही गं," मी म्हणाले. "त्यांना हे तळं मुळीच आवडलं नव्हतं."

मुलाचा चेहरा पडला. नातीला मात्र काहीच वाटलं नाही.

"देन व्हॉट डिड ही लव्ह?"

मी मुलाकडे बोट दाखवलं. बाप त्याचा, त्यानंच सांगावं.  तो नातीच्या शेजारी बाकावर बसला, माझ्यासाठी जरा सरकला, आणि तिच्यासारखाच उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत राहिला.