ओळंबामामा आणि एक उरलेला शब्द

ओळंबामामा कुठेही गेले की आधी भिंतीकडे बघत, मग माणसांकडे. खिशात कायम दोरी गुंडाळलेला पितळी ओळंबा. चहाच्या टपरीवर, दवाखान्यात, एकदा तर माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी तो काढून मंगल कार्यालयाच्या खांबाला लावला. खांब बोटभर कलला आहे, जेवणं लवकर उरका, असं शेजारच्या पाहुण्यांना सांगून मोकळे झाले. त्यांचं खरं नाव लातुरात फार कुणाला ठाऊक नव्हतं. गवंडीकामातले लहानथोर त्यांना मामाच म्हणत.

मी नांदेडहून आर्किटेक्ट होऊन लातूरला आले, तेव्हा माझ्याकडे अनुभव चिमूटभर आणि शब्द पोतंभर होते. एका निवृत्त गुरुजींनी शहराबाहेरच्या प्लॉटवर घर बांधायला दिलं. माझं पहिलंच स्वतंत्र काम. गुरुजींना ‘सस्टेनेबल’ घर हवं होतं. हा शब्द त्यांनी पेपरात वाचला होता. पहिल्याच दिवशी मी मामांपुढे नकाशा पसरून थर्मल मास, क्रॉस व्हेंटिलेशन, ग्रे वॉटर असं अर्धा तास सुनावलं. मामांनी तंबाखू मळत सगळं ऐकलं आणि म्हणाले, "ताई, जे मला गुरुजीच्या मालकिणीला सांगता येत न्हाई, ते मी बांधत न्हाई."

मग रोज सकाळी एक शब्द, असा शिरस्ता पडला. मी अर्थ सांगायचा. मामा तो दिवसभर कामासोबत घोळवायचे आणि संध्याकाळी हातपाय धुताना स्वतःच्या भाषेत परत करायचे. मी ते वहीत उतरवून घेई. थर्मल मास म्हणजे, "दुपारचं ऊन भिंत गिळती, अन् आत सोडायला सांज करती." क्रॉस व्हेंटिलेशनला त्यांनी दोन दिवस घेतले. "वाऱ्याला यायला दार पायजे अन् जायलाबी. नुसता येऊन बसला तर तो पाव्हणा झाला." ग्रे वॉटर ऐकून मात्र ते हसले. त्यांची आई न्हाणीचं पाणी केळीला सोडायची, तिला कुणी इंग्रजी शिकवलं नव्हतं म्हणाले.

एम्बॉडीड एनर्जी शिकवताना मीच अडखळले. वस्तू तयार करायला आणि जागेवर आणायला मिळून लागलेली सगळी शक्ती, असं काहीसं बोलले. संध्याकाळी मामा म्हणाले, "म्हंजे सामान हितं येईस्तोवर किती जळालं, ते." दुसऱ्या दिवशी त्यांनी परराज्यातून येणारी फरशी परस्पर रद्द करून टाकली आणि दार-खिडक्यांना जुन्या बाजारातून सागवानी चौकटी आणल्या. मला न विचारता. मी चिडले, पण चौकटी सुरेख होत्या.

‘सस्टेनेबल’ हा एकच शब्द त्यांनी परत केला नाही. "हा ऱ्हाऊ द्या," म्हणायचे. "अजून हाताला लागला न्हाई."

गाडं अडलं ते विटांवर. भट्टीत न भाजता, मातीत थोडं सिमेंट घालून मशीनने दाबलेल्या विटा मी ठरवल्या होत्या. सगळं घर त्यांच्यावर उभं राहणार होतं. मामांनी थापी खाली ठेवली. मातीच्या भिंती आपण बांधत नाही, दुसरा मिस्त्री बघा, म्हणाले. त्यांच्याशिवाय हे घर माझ्याच्याने उभं राहणार नव्हतं, हे मला चांगलंच कळत होतं. मी कारण विचारत राहिले, तेव्हा ते अक्काबद्दल बोलले.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिचं सासर भूकंपाच्या पट्ट्यातलं. घर दगडमातीचं, वर मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत. धाबं गळू नये म्हणून दरसाल पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायची गावोगाव रीत होती. अक्काच्या धाब्यावर तो थर मामा स्वतः टाकायचे. जुना थर कुणीच काढत नसे. भूकंपात ते सगळं खाली आलं. अक्का वाचली, पण तिचा पाय कायमचा अधू झाला. नंतर तिला पक्कं घर मिळालं, तरी ती आजवर घराच्या आत झोपली नव्हती. ओट्यावर नाहीतर पत्र्याच्या मांडवात झोपे.

मी त्यांना सांगितलं की घर पाडलं ते मातीने नाही, वरच्या ओझ्याने. शिवाय भिंती एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. मामा म्हणाले, "ओझं तर मीच वाहून नेलं न, ताई." मला रडू आलं. सगळं गाव तेच करत होतं, बहिणीचं घर गळू नये एवढंच तुम्हाला हवं होतं, असं मी कसंबसं बोलले.

दुसऱ्या दिवशी मामांनी दोन विटा मागून घेतल्या. एक तीन दिवस बादलीत बुडवून ठेवली, दुसरी शेजारच्या बांधकामाच्या स्लॅबवरून खाली टाकली. बुडवलेली विरघळली नाही, टाकलेलीचा नुसता कोपरा उडाला. मग त्यांनी पायथ्याला, खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग बीम मागितला, छत हलकं मागितलं, आणि थापी उचलली. ते तिन्ही बीम माझ्या नकाशात होतेच. मी नकाशा गुंडाळून ठेवला.

घरभरणीला मामा अक्काला घेऊन आले. ती काठी टेकत खोल्यांमधून फिरली, भिंतींवरून हात फिरवत. "माती हाय का रे?" तिने विचारलं. "हाय," मामा म्हणाले. "म्याच बांधली." जेवणं झाल्यावर गुरुजींच्या पत्नीने तिच्यासाठी मधल्या खोलीत चटई अंथरली. थोड्या वेळाने मी डोकावले, तर अक्का भिंतीकडे तोंड करून घोरत होती.

मामा उंबऱ्यावर बसून होते. येणाऱ्याजाणाऱ्याला हाताने गप्प करत होते. मी शेजारी बसून हळूच विचारलं, आता तरी तो शब्द सांगता का? त्यांनी डोळे पुसले आणि मलाही गप्प केलं.

आता मामा काम करत नाहीत. माझ्याकडे नवे इंजिनिअर येतात, तेव्हा मी त्यांना माझी वही वाचायला देते. ‘सस्टेनेबल’पुढे मी त्याच दुपारी लिहून ठेवलं आहे: अक्का आत झोपली.