बेकार लिहा

इतर मुली ओढणीच्या टोकाला किल्ली बांधत, वायरमन टेस्टर बांधायची. तिचं खरं नाव करुणा. पण तालुक्याच्या आयटीआयत वायरमनच्या वर्गाला आम्ही वीसेक पोरं आणि मुलगी ती एकटीच, म्हणून आमच्या सगळ्या बोरी अरब गावात तिला 'वायरमन' हेच नाव पडलं. खांबावर चढायच्या प्रॅक्टिकलला सरांनी तिला सूट दिली होती. तिनं ती घेतली नाही. ओढणी कमरेला खोचून चढली आणि वरच थांबली. सर खालून ओरडले, "अवो, काय करून राह्यल्या वर?" ती म्हणाली, "पाहून राह्यली सर. वरून सारे लहान दिसतात."

तिला आयटीआयत तिच्या बाबांनी घातलं होतं. "माह्यासाठी पोरगी अन् पोरगा सारखेच," असं ते विहारात चारचौघांत सांगत. त्या विहाराची सगळी फिटिंग तिनंच केली. पहिल्यांदा बटण दाबलं आणि दिवे लागले, तेव्हा टाळ्या वाजल्या. ती मात्र कान देऊन एका पंख्याचा आवाज ऐकत होती. "बेअरिंग घासून राह्यली," म्हणाली आणि पुन्हा शिडीवर चढली.

दोन वर्षांनी निकाल लागला. ती पहिली आली, मी कसाबसा पास झालो. पुढे दोघांनाही नोकरी नव्हती. कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव मिळेना म्हणून घराघरात कापूस पडून होता आणि शिकलेली पोरंही तशीच पडून होती. आम्हा पोरांसाठी बसस्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलातला बाक ठरलेला होता. येणारा-जाणारा विचारी, "लागलं का कुठं?" आई शेजारणींना हळू आवाजात सांगे, "बेकार आहे ना बिचारा," आणि मला पहिली भाकर वाढे.

वायरमनला असं कोणी विचारलं नाही. निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून तिच्या हातात घरचा सगळा स्वयंपाक आला. हंगामात निंदण, मग कापूस वेचणी. एकदा वावरातून परतताना ती आमच्या बाकापुढे थांबली.

"तुमचं बरं आहे," ती म्हणाली. "तुमाले बेकार बसाले जागा तरी आहे."

आम्ही हसलो. विनोद केला असं वाटलं आम्हाला.

मग गावात सुशिक्षित बेरोजगारांची यादी करायला एक माणूस आला. मी त्याला घरं दाखवत फिरत होतो. वायरमनचे बाबा अंगणात बसले होते.

"मुलगी काय करते?"

"काही नाही. घरकाम."

ती चुलीपुढून उठून दारात आली. हाताला पीठ होतं. "बेकार लिहा," ती म्हणाली.

तो हसला. "ताई, तुमी तं काम करून राह्यल्या."

"मंग याचा पगार लिहा. नाही तं बेकार लिहा."

बाबा कावरेबावरे झाले. "असं चारचौघांत काय बोलतं बाई?" म्हणाले. त्या माणसानं मान खाली घालून काहीतरी लिहिलं आणि कागद मिटला. पुढच्या घरी मी डोकावून पाहिलं. तिच्या नावापुढे 'गृहिणी' असं लिहिलं होतं. तिचं लग्नही झालेलं नव्हतं. मी तिला ते सांगितलं नाही.

त्याच वर्षी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात वायरमनची जागा निघाली. आम्ही दोघंही गेलो. मॅनेजरनं बंद पडलेली मोटर पुढे ठेवली. मी फ्यूज तपासले आणि तिथंच अडलो. तिनं स्टार्टर उघडला, कॉइल काढून हातावर ठेवली. "जळली आहे. दुसरी द्या." पाच मिनिटांत मोटर फिरू लागली.

"काम चांगलं आहे," मॅनेजर म्हणाला, "पण इथं रात्रपाळ्या असतात. बाईमाणसाची जबाबदारी कोण घेणार? आणि उद्या लग्न झालं की तुम्ही जाणार." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "एक तारखेपासून या."

मी नाही म्हणू शकलो असतो. तिच्यासमोर होकाराची मान हलवली.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. मग माझ्या हातातली वही ओढून घेतली आणि तिच्यावर स्टार्टरचं चित्र काढू लागली. "तुले हे येत नाही. नीट पाह्य. नाही तं पहिल्याच दिवशी हाकलून देतील तुले." बोरी येईपर्यंत ती मला शिकवत राहिली. मी एकदाच म्हणालो, "करुणा, हे बरोबर नाही झालं." ती म्हणाली, "माहीत आहे मले. तू इकडे पाह्य."

त्या वहीच्या जोरावर मी नोकरीत टिकलो. वर्षभरात वणीकडच्या एका ट्रक ड्रायव्हरशी तिचं लग्न झालं. "आमच्या घरच्या बाया कामाले जात नाहीत," असं मुलाकडच्यांनी बैठकीतच सांगितलं होतं.

नऊ वर्षांनी कामानिमित्त वणीला गेलो, तेव्हा तिच्या घरी डोकावलो. कोळसा वाहायचं कंत्राट संपल्यामुळे तिचा नवरा महिन्यापासून घरी होता. खाटेवर त्याच्याभोवती चार माणसं बसून त्याला धीर देत होती. वायरमन आत चहा करत होती. अंगानं वाळली होती.

"ह्यायचं काम सुटलं तं रोज मानसं भेटाले येतात," ती हळूच म्हणाली. "माहं तं लागलंच नाही कधी, म्हनून सुटलंबी नाही."

बोलायचं म्हणून बोललो, "आता आमच्या कारखान्यात बायाही घेतात. मागच्या वर्षी दोघींना घेतलं. वायरमनच्याच जागा होत्या."

तिनं गाळणी खाली ठेवली. "वय किती लागत होतं?"

"तीसच्या आत."

"मागच्या वर्षी मी एकोणतीसची होती." ती माझ्याकडे पाहत राहिली. "मंग काहून नाही सांगितलं?"

"मला वाटलं, तू आता संसारात आहेस."

बाहेरून नवऱ्यानं चहासाठी हाक मारली. तिनं कप भरले, ताटलीत मांडले आणि ताटली उचलली.

"तुलेबी तसंच वाटलं?" एवढंच म्हणाली आणि बाहेर गेली.