दुसरं हँडल

आमच्या दाराला मी बेल बसवून घेतली ती काही हौसेनं नाही. दारावर कुणी हातानं नुसतं वाजवलं तरी आतल्या खोलीतून माझी नणंद ओरडायची, "आली!" आणि चपला शोधायला लागायची. दूधवाला असो, शेजारीण असो, नाहीतर वाऱ्यानं आपटलेली खिडकी असो. नव्या माणसाला वाटायचं, बाई दार उघडायला येतायत. दाराशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

वन्सं अर्थशास्त्रज्ञ. माझ्या सासूबाईंना तो शब्द शेवटपर्यंत झेपला नाही, त्या आपल्या सांगायच्या, "आमची मुलगी हिशेबाची डॉक्टर आहे." वन्संचा विषय एकच होता. जी वस्तू सगळ्यांची असते, ती सांभाळायची कुणी? गल्लीचा नळ, चराऊ कुरण, पूल, तळं. मी चिडवायची, "वन्सं, आपल्या जिन्यातला दिवा गेलाय. आधी तो सांभाळा, मग जग." त्या हसायच्या आणि खरंच स्टूल घेऊन जिन्यात जायच्या. तेव्हा त्या हसायच्या.

आमच्या मागे टेकडी आहे. टेकडीवर तळं, त्याच्या खाली दोन गल्ल्या, वरची आणि खालची. पाऊस फार झाला की तळ्याची झडप उघडून पाणी नाल्यात सोडावं लागतं, नाहीतर ते बांधावरून थेट खालच्या गल्लीत घुसतं. झडप उघडायला एक लोखंडी हँडल. ज्या घराची पाळी त्या घराच्या दाराला ते टांगलेलं असायचं. पाळी संपली की पुढच्या घरी न्यायचं, चौकटीवर ठणठण वाजवायचं, आणि आतून "आली!", म्हणजे पाळी आली, असं उत्तर आल्याशिवाय तिथून हलायचं नाही. ना कमिटी, ना साहेब, ना दंड. कुणाच्या आजोबांनी सुरू केलं होतं तेही कुणाला आठवत नव्हतं, पण चाललं होतं.

वन्संना त्या हँडलाचं वेडच लागलं. खालच्या गल्लीच्या तोंडाशी एका शिंप्याचं दुकान होतं. तिथल्या बाकावर बसून त्या माणसांना प्रश्न विचारायच्या. शिंपी मोठा गमत्या. गळ्यात टेप अडकवून म्हणायचा, "बाई, गल्लीला मोजायचंय ना? मग मला विचारा, सगळ्यांची मापं माझ्याकडेच आहेत." त्याची बायको मशीनवर बसायची, काजं करायची, आणि वन्संना जेवल्याशिवाय उठू द्यायची नाही.

सगळं पाहून झाल्यावर वन्संच्या मनात एक शंका आली. पाळीचं घर नेमकं बाहेरगावी असेल तर? आजारी असेल तर? त्यांनी लोहाराकडून तसंच दुसरं हँडल करून घेतलं. आता एका वेळी दोन घरांची पाळी. एक चुकलं तर दुसरं आहे. सगळ्यांना पटलं, शिंप्यानं तर पाठ थोपटून घेतली म्हणे, ही माझ्या बाकावरची कल्पना म्हणून. वन्संनी त्यावर लिहिलं, त्यांचं फार कौतुक झालं. मीही शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवून मिरवून घेतलं. का नाही मिरवणार?

मग तो पाऊस आला, भर दुपारी. पाळीच्या एका घरात बाई बाळाला झोपवत होती. तिला वाटलं, दुसरे गेले असतील. दुसऱ्या घरातले गृहस्थ जेवायला बसले होते, त्यांनाही तेच वाटलं. आळशी कुणी नव्हतं, वाईट कुणी नव्हतं. हँडल एकच होतं तोवर असं वाटायला जागाच नव्हती, एवढंच. शिंप्यानं दुकानातून पाहिलं, पाऊस कोसळतोय आणि नाल्याला पाणी नाही. त्याची पाळी नव्हती. शेजारच्या दारावरचं हँडल ओढून तो टेकडीवर धावला. झडप उघडली, गल्ली वाचली. पण तोवर बांध भिजून पोकळ झाला होता. तो त्याच्या पायाखालून गेला, आणि त्याच्याबरोबर शिंपीही.

वन्सं तिला भेटायला गेल्या तेव्हा शिंपीणबाई मशीनवर बसली होती. मशीन चालू होतं, सुईखाली कापड नव्हतं. वन्सं उंबऱ्यात उभ्या राहिल्या, पाय दुखेपर्यंत. तिनं मान वर केली नाही. वन्सं परत आल्या त्या दुसऱ्याच झाल्या.

आपलं चुकलं, असं त्यांनी सगळीकडे लिहून कळवलं. ते कुणी वाचलं देव जाणे. आधीचं मात्र लोक वर्गांतून शिकवत राहिले. त्यांनी संशोधन सोडलं, नुसतं शिकवलं आणि निवृत्त झाल्या. माझे हे गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. आणि घरात ते ठणठण. भांडं पडलं की "आली!" कुकरचं झाकण आपटलं की "आली!" बेल बसवली तरी काही वाजलं नसतानाही त्या पानावरून उठायच्या. माझा जीव अर्धा व्हायचा. मी ओरडायची, "अहो वन्सं, कुणी नाहीये!" त्या म्हणायच्या, "तेच तर, वहिनी. त्या शिंप्याच्या घरातून कुणीतरी यावं हो. शिव्या द्यायला का होईना. एवढं झालं की मी सुटले."

यंदा त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला तो एकच शब्द. पाणी हवं असलं तरी तोच, कूस बदलायची तरी तोच. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. मला संताप आला. कुणाचा, ते नका विचारू. उठले आणि टेकडीची वाट धरली.

खालच्या गल्लीत बरीच नवी घरं झाली होती. शिंप्याचं दुकान बंद होतं, मागची खोली उघडी. दाराला हँडल टांगलेलं. एकच. शिंपीणबाई डाळ निवडत बसली होती, केस पांढरे, कंबर वाकलेली. मी कोण ते सांगितलं. तिनं सूप जवळ ओढलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आत्ता पाळी तुमची का?"

"आमचीच," ती म्हणाली. "तेव्हापासून आमचीच."

"म्हणजे?"

"त्यांच्या हातातलं हे मिळालं, घरी आणून दिलं. दुसरं गल्लीनं तळ्यात टाकलं. पाळी संपल्यावर मी हे घेऊन शेजारी गेले, वाजवलं. आतून आवाज नाही. त्याच्या पुढच्या घरी वाजवलं, तिथंही नाही. आत माणसं असायची हो, चुलीचा धूर दिसायचा. पण माझ्या हातून घेणार कोण? मेलेल्या माणसाची पाळी." तिनं डाळीतला खडा फेकला. "अजून जाते. दर पावसाळ्यात वाजवून बघते. कुणी 'आली' म्हणत नाही. मग मीच चढते वर."

एका घरात वाजवणारं कुणी नाही आणि उत्तर देऊन देऊन बाई संपत आलेली. दुसऱ्या घरातली बाई जन्मभर वाजवतेय.

"एक दार आहे," मी म्हणाले. "तिथून उत्तर येईल. चला."

तिनं सूप बाजूला सारलं. मग तिनं हँडल उतरवलं.

आमच्या जिन्यात ती दोनदा टेकली. मी बेलकडे हात नेला, तिनं तो बाजूला सारला. चौकटीवर लोखंड वाजलं, ठणठण.

"आली!"

हँडल हातात धरून ती तशीच उभी. मग तिनं परत वाजवलं, लहान मूल वाजवतं तसं, पुन्हा पुन्हा. आतून दर वेळी उत्तर आलं, दर वेळी जरा हळू. ती आत गेली, हँडल वन्संच्या डाव्या हातात दिलं आणि वरून आपला हात ठेवला. दोघी रडल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, माझंही काही कमी नव्हतं.

त्या आठवड्यातच वन्सं गेल्या. हँडल त्यांच्या मुठीतून मी सोडवलं आणि आमच्या दाराला टांगलं.

बेल मी काढून टाकलीय. घर अगदी गप्प असतं. तरी कधी पानावर बसले असताना चौकटीवर ठणठण होतं. दार उघडलं तर जिना मोकळा, हँडल जागच्या जागी. खिडकीतून बघावं, तर टेकडीवर ढग उतरलेले असतात.

"आली!" मी म्हणते, आणि चपला शोधायला लागते.