पोतारलेली भिंत

पेडगावच्या त्या मामांनी माझं जेवढं डोकं खाल्लं, तेवढं हापिसातल्या साहेबांनीही कधी खाल्लं नाही. बहात्तरच्या दुष्काळात जनावरं गेली आणि रिकाम्या गोठ्यांची खताची गोदामं व्हायला लागली. त्याआधी जुन्या गोठ्यांचे नकाशे काढून ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

मामांचा गोठा सगळ्यांत जुना. भिंत कधी वाढवली, दार कुठं बुजवलं, हे दगडांच्या सांध्यांवरून कळतं. पण मी येणार म्हटलं की मामा पांढऱ्या मातीचा पोतारा देऊन सगळे सांधे गुळगुळीत बुजवून ठेवायचे. वर कौतुकाची वाट बघत उभे!

"मामा, भिंतीला हात लावू नका म्हणालो होतो ना?"

"मी कुठं लावलाय? सूनबाईनं पोतारलंय. पाव्हणा यायलाय अन् भित तशीच ठिवायची व्हय?"

मग मी माती खरवडत बसायचो. मामा चहा आणायचे आणि खरवडलेल्या जागेकडे असे बघायचे, जणू मी वाढलेलं ताट लोटून दिलंय.

शेवटी एकदा न कळवता गेलो. दुसऱ्याच दिवशी मोठ्या दारासाठी गवंडी पुढची भिंत फोडणार होते. बघतो तर मामा धोतर खोचून तीच भिंत पोतारत होते. माझं टाळकंच फिरलं.

"अहो, उद्या फोडायचीय ना ही? आता कुणासाठी?"

मामांनी फडकं बादलीत बुडवून पिळलं.

"गवंडी येणारेत की उद्या. परगावची माणसं हायेत, साहेब."